एमआरआय नॉर्मल आला म्हणजे पोरगं नाटक करतंय असं नाही

मा. संपादक, स.न.

चोपडा तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या एका पोराला कॉलेजपासून आवाज ऐकू येतात, दोन माणसं त्याच्याबद्दलच बोलतात, आता उठला, आता बाहेर निघाला असं. आधी "याले बाहेरनं लागेल शे" म्हणून भगताकडे नेलं, मग जळगावला डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार सांगितला, गोळ्या सुरू झाल्या आणि एमआरआय काढला. तो नॉर्मल आला आणि तिथेच घोळ झाला. घरच्यांनी धरलं की मेंदूत काहीच नाही म्हणजे पोरगं कामचुकारपणा करतंय, आणि गोळ्या बंद. आता तो पुन्हा रात्ररात्र जागा असतो.

हा गैरसमज आपल्याकडे खूप घरांत आहे म्हणून लिहितोय. साधा एमआरआय गाठ, रक्तस्राव, सूज असं काही दुसरं कारण नाही ना हे बघायला काढतात, स्किझोफ्रेनिया त्यात दिसत नाही, तो डॉक्टर बोलून, लक्षणं बघूनच ठरवतात. १९७६ मध्ये लंडनजवळच्या एका हॉस्पिटलात सीटी स्कॅन करून दिसलं होतं की जुन्या पेशंटच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात, पण हा फरक सगळ्यांची सरासरी काढली तर दिसतो, एकट्या माणसाच्या फिल्मवरून सांगता येत नाही, कारण धडधाकट माणसाच्याही पोकळ्या तेवढ्या असू शकतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९९९ चं संशोधन. एफएमआरआय नावाच्या स्कॅनमध्ये मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते रक्तातल्या ऑक्सिजनवरून कळतं. तीन पेशंटना त्यात झोपवलं आणि आवाज सुरू झाला की बटण दाबा म्हणून सांगितलं, तर त्या वेळी बाहेरचा आवाज ऐकताना मेंदूचा जो भाग जागा होतो तोच जागा झालेला दिसला. म्हणजे त्या पोराला खरंच ऐकू येतं हो! त्याला "कोणी बोलत नाहीये, गप बस" म्हणून दटावणं किती क्रूर आहे याचा विचार करा.

डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती, रिपोर्ट हातात देताना एवढं सांगा की हा कशासाठी काढला होता आणि नॉर्मल म्हणजे काय, गावाकडची माणसं तो एकच शब्द घेऊन घरी जातात. आणि घरच्यांनी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारा. जळगाव-धुळ्याला सारखं जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

- एक वाचक, चोपडा