खिळे जुळवणाऱ्या स्त्रिया

संपादक महोदय,

मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात स्त्रियांची दखल घेतली जाते ती बहुधा लेखिका म्हणून. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ (१८५४) आणि ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. पंडिता रमाबाईंच्या ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासखर्चाला हातभार लागला, म्हणजे पुस्तकामागचे अर्थकारण त्यांना चांगलेच उमगले होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार स्त्रियांसाठी स्वतः उभारलेल्या आश्रमात, त्यांनी छापखाना चालवला. हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी स्वतः केलेले बायबलचे भाषांतर तेथील स्त्रियांनीच छापले आणि रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. काना-मात्रा आणि जोडाक्षरे सांभाळत देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, एकेक करून जुळवणे किती जिकिरीचे होते, हे जुन्या जुळाऱ्यांना विचारावे. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपल्याकडे भरपूर शाई खर्च झाली (ती अजूनही वाळलेली नाही), परंतु या कारागिरीच्या वाट्याला चार ओळीही क्वचितच आल्या. मुद्रणकलेच्या अभ्यासक्रमात केडगावच्या छापखान्याचा समावेश व्हावा, अशी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे