डुलुथहून ताईला

डुलुथ, मिनेसोटा
१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

"गाडीत राहता म्हणजे नक्की कसे?" असं तू विचारलं होतंस. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं चाकांवर. आरव्हीत, म्हणजे या घरासारख्या गाडीत, ओटा आहे, दोन शेगड्या आहेत, संडास-बाथरूमही आहे. त्याची टाकी मात्र तळावर जाऊन रिकामी करावी लागते. ते काम चिरंजीव करतात. जेवलेलं ताट उचलायचा कंटाळा करणारा हाच तो!

आज कुठे पोचायचं नव्हतं. पोहे झाले, पाण्याचा पाइप आणि विजेची वायर सोडवली, बरण्या कपाटात कोंबल्या आणि सावकाश गावात आलो. गाडी लावायला दोन जागा लागतात, त्यामुळे पैसेही दुप्पट.

डुलुथ सुपिरिअर सरोवराच्या पश्चिम टोकाला आहे. वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवलं, क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून मोठं. पण काठावर उभी राहिले आणि आकडा विसरले. दीपगृह, लाटा, पक्ष्यांची कलकल, सगळं आपल्या रत्नागिरीसारखं, फक्त खारा वास नाही. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाहिलं (सूनबाई ओरडली). गोडं! आणि जुलैतही बोटं बधिर करणारं.

इथला उचलता पूल बघायला माणसं ताटकळत असतात. १९०५ साली तो बांधला तेव्हा खाली टांगलेल्या पाळण्यातून माणसं नि घोडागाड्या कालवा ओलांडायच्या. १९३० पासून मधला रस्ताच सरळ वर जातो. जवळच्या नौकानयन संग्रहालयात जहाजांच्या वेळा कळतात. आमचं जहाज दीडचं होतं, आलं पावणेतीनला. तोवर कठड्यावर बसून धुरी दिलेला मासा खाल्ला. बरा होता, पण आपल्या सुक्या बांगड्याची सर नाही.

मग जहाजाने भोंगा दिला, पुलाने तसाच उलटा दिला, आणि तीनशे फूट रुंदीच्या कालव्यातून ते लांबलचक धूड इतक्या जवळून गेलं की वरच्या खलाशाने हात केलेला दिसला. पोटात लोहखनिजाच्या गोळ्या, पोलादाच्या कारखान्यांसाठी.

मला मांडवीचा धक्का आठवला. अण्णा मुंबईहून बोटीने यायचे, पडावातून उतरायचे, आणि तू "आली, आली!" म्हणून मला दहादा फसवायचीस. आज नातवाने मला तसंच फसवलं. दर वेळी मान वर केली मी.

उरलेली दुपार किनाऱ्यावर खडे वेचले. इथला अकीक लाल, पट्ट्यापट्ट्यांचा. लोहामुळे तो रंग येतो. आपल्या दख्खनच्या अकीकासारखाच हाही लाव्हाच्या दगडातल्या पोकळ्यांत तयार झाला, पण आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला एकशे दहा कोटी. नातवाला सांगितलं तर म्हणाला, "आजी, सुट्टी आहे ना?" गप्प बसले. तुझ्यासाठी एक खडा रुमालात बांधून ठेवलाय. भाऊजींना दाखवू नकोस, गारगोटी म्हणून फेकून देतील.

मुलं आइसक्रीम आणायला गेलीत, मी गाडीतल्या टेबलाशी लिहितेय. पुन्हा भोंगा झाला. चप्पल सापडत नाहीये, पण जाते.

तुझी,
बेबी