क्रोशावाल्यांना बसायला जागा हवी

संपादक महोदय,

रविवारी सकाळी रंकाळ्यावर आम्ही सात-आठ जणी क्रोशा, म्हणजे आकड्याच्या सुईचं विणकाम, घेऊन बसतो, येणारे-जाणारे थांबून आम्हालाही शिकवाल का विचारतात, लई बरं वाटतं. परवा कॉलेजचा एक पोरगा बसला, साखळी जमली पण खांब (उंच टाका) घालताना टाका सारखा आवळायचा, कारण मध्यम जाडीच्या लोकरीला त्यानं २.५ एमएमची सुई आणलेली, ५ ची दिली आणि हात सुटला बघा. हे व्हिडिओत कळत नाही, शेजारी कोणीतरी बसावं लागतं. जूनच्या दुसऱ्या शनिवारी चारचौघांत बसून विणायचा उपक्रम २००५ पासून जगभर चालतो, पण आपल्याकडं तेव्हा पाऊस, म्हणून शाहू स्मारकसारख्या सभागृहात महिन्यातून एक दुपार कमी भाड्यात मिळावी. शिकवायला आम्ही फुकट येतो.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर