गुरुवारी साडेबाराला एलिट डेंजरस गेमचा सर्व्हर बंद असतो, हे मराठीत छापा ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन गेमवर अख्खं पान होतं, त्यात रमी, पैसे लावायचे अ‍ॅप, मुलांचा अभ्यास सगळं एकाच पोत्यात भरलंय. पैसे लावायच्या गेमबद्दलचं पटलं, २०२५ च्या कायद्याने ते बंद केले हे चांगलंच झालं. पण आम्ही इंदूरचे पाच जण रात्री जेवणं झाल्यावर जो खेळतो तो त्यातला नाही, आणि त्याची एकही बातमी मराठीत वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

गेमचं नाव एलिट डेंजरस, अंतराळयान चालवायचा गेम. केंब्रिजच्या फ्रंटियर कंपनीचा, डिसेंबर २०१४ पासून चालू. डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल यांनी १९८४ मध्ये पहिला एलिट केला होता, त्याच वंशातला. यात आपली आकाशगंगा खऱ्या मापाची आहे, सुमारे ४० हजार कोटी तारे, आणि जे खरे माहीत आहेत ते आपापल्या जागी. आजीने रामबागेतल्या गच्चीवरून मला स्वाती दाखवली होती, पहिल्यांदा यान घेऊन तिथे पोचलो तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगतो. स्वाती के प्रकारचा तारा, म्हणजे त्याच्या जवळून उडत यानात इंधन भरता येतं. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या सात प्रकारांत भरता येतं, श्वेत बटू ताऱ्यापाशी नाही. हे पाठ नसेल तर माणूस मधेच अडकतो.

मी अडकलो होतो. टाकी रिकामी, मग ऑक्सिजनचं उलटं घड्याळ सुरू. तेव्हा फ्युएल रॅट्स म्हणून खेळाडूंचाच एक गट आहे त्यांना हाक मारली. घड्याळ सुरू झालं असेल तर ते आधी म्हणतात मेन मेनूत जा, यान तिथेच थांबतं, मग कोणीतरी हजारो प्रकाशवर्षांवरून येतो, तुमच्याशी टीम जुळवतो, बीकन (तुमची जागा दाखवणारा सिग्नल) लावायला सांगतो आणि छोटे ड्रोन सोडून इंधन देतो. एक पैसा घेत नाहीत. अनोळखी माणसासाठी रात्री दोन वाजता कोणी येतं ही बातमी नाही का?

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी २०२५ च्या ट्रेलब्लेझर्स अपडेटपासून रिकाम्या तारामंडळात वस्ती करता येते. आधी दावा लावायचा, मग ४ आठवड्यांत पहिलं स्टेशन उभं करायचं, त्यासाठी स्टील, टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम, अन्नसुद्धा, हजारो टन माल खेपा मारून न्यायचा. नंतर पँथर क्लिपर यान आलं, १२०० टनांच्या वर माल एका खेपेत, पण आम्ही केलं तेव्हा ते नव्हतं. आम्ही पाचही जण भिडलो, एक जण तर दुकान बंद करून आला की थेट खेपा मारायला बसायचा. आणि शेवटच्या गुरुवारी मुदत हुकली, थोडासाच माल राहिला होता. दर गुरुवारी सकाळी ७ वाजता, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नुसार, सर्व्हर देखभालीसाठी बंद होतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा. आम्ही सात म्हणजे संध्याकाळचे सात धरून बसलो. चूक आमचीच. पण चौकटीत चार ओळी मराठीत असत्या तर स्टेशन उभं राहिलं असतं.

पुढच्या अपडेटबद्दलच्या लाइव्हस्ट्रीमचंही असंच, वेळ ब्रिटनची देतात, आणि तिकडे मार्च नि ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं बदलतात, मग आपल्यातलं अंतर कधी साडेचार तास तर कधी साडेपाच. आमच्यातल्या निम्म्यांचा दरवेळी घोळ होतो.

अजून एक, हे तर जरूर छापा. शेजारच्या मुलाने वाढदिवसाच्या पैशातून प्लेस्टेशनसाठी जुनी सीडी घेतली, वस्ती करायची म्हणून. दुकानदाराने काही सांगितलं नाही. मार्च २०२२ मध्ये कंपनीने कन्सोलवरचं, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवरचं, पुढचं काम थांबवलं, नवीन अपडेट फक्त कॉम्प्युटरवर येतात, कन्सोलवाल्यांची आकाशगंगा वेगळी ठेवलीय. पोरगा दोन दिवस मेनूत वस्ती शोधत होता. मला फार वाईट वाटलं.

तर विनंती अशी की आठवड्यातून एकदा अर्धा कॉलम द्या. नवीन अपडेट काय, सर्व्हर कधी बंद, लाइव्हस्ट्रीम आपल्या वेळेने किती वाजता, खेळाडू कुठे मोहिमेवर निघालेत. २०१९ मध्ये डिस्टंट वर्ल्ड्स २ मोहिमेत १३ हजारांवर यानं आकाशगंगेच्या पार टोकाकडे निघाली होती, कोण कुठे पोचलं हे मी आईला रोज सांगायचो आणि ती रोज विचारायची. मजकूर मी लिहून देईन, मानधन नको. दर मंगळवारी संध्याकाळी तुमच्या इंदूरच्या वार्ताहरांकडे हाताने आणून देईन, म्हणजे बुधवारच्या अंकात येईल आणि गुरुवारी साडेबाराच्या आत लोकांचा माल पोचेल.

आपला,
एक नियमित वाचक, इंदूर