पित्ताच्या गोळीतून येणारा कंप

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील कंपवातावरचा लेख चांगला होता. डोपामिन हे मेंदूतले निरोप पोचवणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी झिजल्या की हात थरथरतो, अंग ताठरते, हे त्यात नीट सांगितले आहे. एक बाजू मात्र राहून गेली. पेशी शाबूत असतानाही हुबेहूब तशीच लक्षणे येतात आणि त्यामागे पुष्कळदा रोज अनशापोटी घेतलेली पित्ताची कॅप्सूल असते.

मेंदूच्या पोटात खोलवर ‘बेसल गँग्लिया’ नावाचे पेशींचे पुंजके आहेत. कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती दाबायची, हे तिथे ठरते. त्यासाठी डोपामिन ‘डी-२’ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसावे लागते. उलटीच्या केंद्रातही हेच रिसेप्टर असतात. त्यामुळे उलटी, मळमळ थांबवण्यासाठी दिलेले मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन किंवा लेवोसल्पिराइड हालचालीच्या केंद्रातही जाऊन बसते. डोपामिन तयार होते, पण त्याला जागा उरत नाही. उलटीवरच्याच डॉम्पेरिडोन या औषधाचे तसे सहसा होत नाही. उलटीचे केंद्र मेंदूच्या संरक्षक पडद्याबाहेर आहे आणि डॉम्पेरिडोन तो पडदा फारसे ओलांडत नाही.

हे ज्ञान नवे नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग जगापुढे मांडला. त्याच वनस्पतीतल्या रेसर्पिन या द्रव्याने स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांच्या मेंदूतले डोपामिन रिते केले. ससे जागच्या जागी थिजले आणि ज्यापासून डोपामिन बनते ते एल-डोपा (लेवोडोपा) टोचताच पुन्हा हिंडू लागले.

आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ लेवोसल्पिराइडचा आहे. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधांसोबत एकाच कॅप्सूलमध्ये ते ७५ मिलिग्रॅम असते. ब्रँडच्या नावाशेवटी बहुधा ‘एल’ किंवा ‘एलएस’ असते. ‘डी’ असेल तर ते डॉम्पेरिडोन. पंधरा दिवसांसाठी लिहिलेली ही कॅप्सूल जुनी चिठ्ठी दाखवून, कधी नुसती रिकामी स्ट्रिप दाखवून, दोन-दोन वर्षे मेडिकलमधून आणली जाते. चक्करेसाठी सिनारिझिन आणि अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन यांनीही असाच कंप येऊ शकतो आणि तीही अशीच चालू राहतात. कूस बदलताना गरगरणाऱ्या चक्करेवर तर एप्लीची कृती, म्हणजे डोके ठरावीक क्रमाने वळवणे, हा खरा उपाय. तिथे महिनोन्महिने सिनारिझिन कशासाठी?

मूळ कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि आधी काही वर्षे वास येणे कमी झालेले असते. औषधाचा कंप सहसा दोन्ही बाजूंना, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत येतो; वास शाबूत राहतो. अपवाद दोन्हीकडे आहेत. खात्री होत नसेल तर मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी शाबूत आहेत का हे दाखवणारा ट्रोडॅट स्कॅन करतात. डी-२ अडवणाऱ्या औषधाच्या कंपात तो नॉर्मल येतो.

निदान चुकले की पुढची साखळी वाईट असते. कंप दिसला म्हणून लेवोडोपा सुरू होते. त्याने मळमळते, म्हणून मेटोक्लोप्रमाइड दिले जाते आणि ताठरपणा आणखी वाढतो. मग कंपावरचेच आणखी एक औषध, ट्रायहेक्सिफेनिडिल, येते. त्याने वयस्क माणसाला बद्धकोष्ठ होते, लघवी अडते, रात्री भ्रम होतो, आणि घरच्यांना वाटते, म्हातारपण आले. मूळ कॅप्सूल या सगळ्यात चालूच असते.

ती बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांपासून सहा महिन्यांत उतरतात. फ्लुनारिझिन शरीरातून फार हळू जाते, म्हणून तिथे धीर लागतो. काहींची लक्षणे मात्र जात नाहीत. त्यांच्यात दबून असलेला कंपवात औषधाने उघडा पाडलेला असतो. बराच काळ औषध घेतलेल्यांमध्ये ओठ चावल्यासारखे करणे, जीभ सतत आत-बाहेर होणे असा वेगळा त्रासही उद्भवतो. तो औषध थांबवल्यावर वाढू शकतो, कधी कायमचा राहतो.

तरुणांत आणि मुलांत प्रकार निराळा. उलटीचे इंजेक्शन घेतल्यावर एक-दोन दिवसांत मान वळते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. शुद्ध पूर्ण असते, म्हणजे ही फिट नव्हे आणि अंगात येणेही नव्हे. डॉक्टरांनी प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले की बहुधा अर्ध्या तासात आराम पडतो.

युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये मेटोक्लोप्रमाइडला पाच दिवसांची आणि मोठ्यांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपल्याकडे निदान चिठ्ठीवर ‘किती दिवस’ हा रकाना रिकामा राहू नये आणि मुदत उलटल्यावर मेडिकलवाल्याने तेच औषध पुन्हा देऊ नये. कंपासाठी डॉक्टरांकडे जाताना मागच्या वर्षभरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्याव्यात. ब्रँडचे नाव पुरत नाही, मागची बारीक अक्षरेच कामाची.

मानसिक आजाराची औषधेही हेच रिसेप्टर अडवतात, पण ती आपल्या मनाने एक दिवसही थांबवू नयेत. तिथे डोस कमी करायचा की क्वेटियापिनसारखे, कंपाचा धोका कमी असलेले औषध द्यायचे, हे मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवायचे असते.

आपले,
मेंदूविकार विभागात काम करणारे दोन डॉक्टर, पुणे