तक्त्यात ‘ळ’ नाही आणि खोक्यावर पत्ता नाही

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांसाठी भेटवस्तू, खेळणी, अक्षरतक्ते, बोलणारी पुस्तके, अंकांची कार्डे असे साहित्य विकणारी लहान लहान ऑनलाइन दुकाने गेल्या काही वर्षांत आमच्या गावांतील आणि बंजारा तांड्यांवरील घराघरांत मोबाइलवाटे पोहोचली आहेत. त्यांच्या मालाबद्दल, त्यांतही ‘मराठी’ आणि ‘शैक्षणिक’ असे छापून विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल, हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. गेल्या वर्षी शाळा उघडली आणि दुसरीतील एका मुलीच्या वहीत ‘फळ’च्या जागी ‘फल’, ‘बाळ’च्या जागी ‘बाल’ आणि ‘शाळा’च्या जागी ‘शाला’ दिसू लागले. पहिलीच्या शेवटी हीच मुलगी हे शब्द नीट लिहीत होती, म्हणून मी बुचकळ्यात पडले. विचारल्यावर तिने मोठ्या अभिमानाने सगळी मुळाक्षरे म्हणून दाखवली. त्यांत ‘अ’ अनारचा होता, ‘ख’ खरगोशचा होता आणि ‘ह’नंतर थेट ‘क्ष’ आला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील खोके घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, “मॅडम, डब्ब्यावर तं मराठीच लिवलं हाये.” खोक्यावर खरोखरच मोठ्या अक्षरांत ‘मराठी वर्णमाला’ असे छापले होते. आत मात्र हिंदीचा तक्ता आणि हिंदीचीच कार्डे होती. सोबतच्या बोलक्या पुस्तकातील आवाज ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’ असा करत होता. मुलीने उन्हाळाभर, कोणीही न सांगता, रोज तो तक्ता गिरवला होता.

त्या संचाची किंमत ६४९ रुपये होती. हरभऱ्याच्या सोंगणीच्या मजुरीतून आईने बाजूला ठेवलेले ते पैसे होते. पार्सल गावापर्यंत येत नाही, त्यामुळे वडिलांनी एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून, दिग्रसच्या बसस्टँडवर जाऊन ते घेतले. पैसे दिल्याशिवाय खोके उघडता येत नव्हते. खोक्यावर एक मोबाइल क्रमांक होता, पण तो कोणी उचलत नव्हते. दुकानाचे नाव होते, मात्र ते कोणत्या शहरात आहे, मालक कोण, माल कोणी बनवला, यांपैकी एकही गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती. मी स्वतः चार वेळा फोन लावला आणि तीन संदेश पाठवले. शेवटी तो क्रमांकच बंद झाला.

शहरातील वाचकाला ही किरकोळ फसवणूक वाटेल. परंतु ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही आणि आईवडील स्वतः चौथी-पाचवीपर्यंतच शिकलेले आहेत, त्या घरात भिंतीवर लावलेला अक्षरतक्ता हाच मुलाचा घरचा शिक्षक असतो. ही मुलगी तांड्यावर राहते आणि घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलते. शाळेबाहेर लिहिलेली मराठी तिला भेटते ती एवढ्याच ठिकाणी. तो तक्ता चुकीचा आहे हे ओळखण्याचे साधन तिच्या पालकांकडे नाही, आणि म्हणूनच ‘शैक्षणिक’ या शब्दावर ते डोळे मिटून विश्वास ठेवतात. मास्तर किंवा बाई जे सांगतात ते बरोबर, तसेच शिक्षणाच्या नावाने छापलेले तेही बरोबर, असा तो सरळ विश्वास आहे. त्या विश्वासाचे पैसे घेणाऱ्याने आपले नाव आणि पत्ता द्यावा आणि छापलेल्या प्रत्येक अक्षराची जबाबदारी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

मराठीची वर्णमाला कशी लिहावी, याबाबत महाराष्ट्र शासनाचा ६ नोव्हेंबर २००९ चा निर्णय आहे आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही निघाली आहे. ‘ळ’ हे स्वतंत्र व्यंजन आहे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर वर्णमालेत आहेत. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांपेक्षा वेगळी आहेत. ‘ड’ आणि ‘ढ’ यांच्याखाली टिंब देण्याची मराठीत गरज नाही. ‘चहा’मधला ‘च’ आणि ‘चमचा’मधला ‘च’ वेगळे उच्चारले जातात, आणि बोलणारे पुस्तक दोन्ही एकसारखेच उच्चारत असेल, तर ते मराठीचे पुस्तक नव्हे. हे सगळे तपासायला एखाद्या प्राथमिक शिक्षकाला अर्धा तास पुरतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यांतील पहिलीचे पुस्तक शेजारी ठेवले तरी यांतील बहुतेक चुका पकडता येतात. तरीही वर्गात मुले मला दाखवायला आणतात त्या संचांपैकी निर्दोष संच मला क्वचितच सापडतो. हिंदीसाठी एकदा तयार केलेल्या मालाचे फक्त वरचे आवरण बदलून तो मराठीचा म्हणून विकला जात असावा, असे ते संच पाहून स्पष्ट वाटते.

सर्व लहान ऑनलाइन दुकाने अशी नाहीत, आणि हेही मला तितक्याच आग्रहाने लिहायचे आहे. दिग्रसला किंवा दारव्ह्याला चांगली मराठी गोष्टींची पुस्तके, मण्यांची पाटी किंवा लाकडी ठोकळे सहज मिळत नाहीत आणि त्यासाठी यवतमाळला जाणे प्रत्येकाला जमत नाही. माझ्या वर्गातील वाचनकोपऱ्याची निम्मी पुस्तके अशाच एका लहान दुकानातून, पदरचे पैसे घालून, मी मागवली आहेत. त्या दुकानाच्या बाईंनी माल पाठवण्यापूर्वी फोन करून मुलांची वये विचारली आणि मी निवडलेली दोन पुस्तके पहिलीसाठी अवघड आहेत असे सांगून यादीतून काढायला लावली. स्वतःची विक्री कमी करून दिलेला तो सल्ला मी विसरलेले नाही. निनावी दुकानांनी पालकांचे हात पोळले की नुकसान होते ते अशाच प्रामाणिक दुकानांचे, कारण एकदा फसलेला बाप पुन्हा कोणाकडूनच पुस्तक मागवत नाही.

कायदा या बाबतीत अपुरा आहे असे म्हणता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जुलै २०२० पासून ई-वाणिज्याचे नियम लागू आहेत. त्यांनुसार नियमित व्यवसाय म्हणून ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता, संपर्क, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे आवश्यक आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणेही आवश्यक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींत आधाराशिवाय बुद्धिवाढीचे दावे करण्यास मनाई केली आहे. तरीही ‘एकवीस दिवसांत मूल घडाघडा वाचेल’ आणि ‘मेंदूचा विकास दुप्पट’ अशा जाहिराती पालक मला रोज दाखवतात. ‘ऑफर संपायला दहा मिनिटे उरली’ असे घड्याळ दाखवायचे आणि दहा मिनिटांनी तेच घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, हा प्रकारही ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. चिंचोके आणि सागरगोटे मोजत संख्या शिकलेल्या पिढीतील मी आहे, आणि वर्गात आजही चिंचोकेच वापरते. मूल वाचू लागते ते कोणीतरी रोज त्याच्या शेजारी बसल्याने, आणि कोणत्याही खोक्याने ते काम दहा मिनिटांच्या घाईत होणार नाही, हे पालकांना सांगताना मला दरवेळी त्या जाहिरातीशी झगडावे लागते.

अक्षरांपेक्षाही गंभीर विषय खेळण्यांच्या सुरक्षिततेचा आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. वाढदिवसाला ‘रिटर्न गिफ्ट’ देण्याची पद्धत आता खेड्यांतही आली आहे आणि त्यासाठी डझनाच्या भावाने मागवलेल्या चमकणाऱ्या, वाजणाऱ्या वस्तूंवर हे चिन्ह मला बहुधा दिसत नाही. त्यांतील अनेक वस्तूंत बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्या असतात आणि त्यांचे झाकण स्क्रूने बंद केलेले नसते, नखाने उघडते. अशी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. आमच्या तांड्यावरून, रात्रीच्या वेळी, दुर्बिणीने ती बॅटरी काढू शकेल अशा रुग्णालयात दोन तासांत पोहोचणे शक्य नाही. मोठ्या शहरात ज्या वस्तूचा धोका थोडा असेल, तोच इथे अंतरामुळे कितीतरी वाढतो, हे विकणाऱ्याने पार्सलवरचा पिनकोड लिहितानाच ध्यानात घेतले पाहिजे.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. श्रावण अमावास्येचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात तान्हा पोळा असतो, मुले लाकडी नंदीबैल सजवून ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. हे नंदी गावचे सुतार करत आले आहेत. आता त्यांपैकी काहींची मुले मोबाइलवरून नंदीचे फोटो टाकून पुण्या-मुंबईतल्या वैदर्भीय कुटुंबांना ते विकू लागली आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. आयएसआय चिन्हाची सक्ती या कारागिरांवर कोसळू नये, म्हणून विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्या आदेशातून सूट दिलेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या, पारंपरिक कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार आहेत आणि पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनवणारेही आहेत. परंतु आमच्या परिसरातील ज्या सुतारांशी मी बोलले, त्यांना या सवलतीची किंवा नोंदणीची काहीच माहिती नव्हती. ही माहिती पंचायत समितीने आणि ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचतगटांनी पोळ्याच्या दोन महिने आधी गावोगावी सांगितली, तर घरी कापडी अंकपिशव्या शिवणाऱ्या बाया आणि नंदी घडवणारे सुतार आपल्या नावानिशी, आपल्या गावाच्या पत्त्यानिशी विकू शकतील. ज्याला आपला पत्ता लपवण्याचे कारण नाही अशा विक्रेत्याला नियम पाळण्याचे मार्गदर्शन देणे, हे निनावी विक्रेत्याला पकडण्याइतकेच निकडीचे आहे.

पालकांनी काय करावे, याबद्दल थोडेच लिहिते. पैसे देण्याआधी दुकानाचा पूर्ण पत्ता विचारावा आणि तक्त्याच्या सगळ्या पानांचा फोटो मागवावा. पाठवायला टाळाटाळ झाली तर मागवू नये. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात, दुकान देशात कुठेही असले तरी, ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. सहाशे रुपयांसाठी कोण यवतमाळच्या चकरा मारील, हा प्रश्न मला कळतो, आणि त्या मुलीच्या वडिलांनीही तोच विचारला. म्हणूनच ही जबाबदारी एकेकट्या पालकावर टाकून चालणार नाही. जिल्हा प्रशासनाने आणि वैधमापन विभागाने शाळा उघडण्यापूर्वीच्या मे-जून महिन्यांत आणि पोळ्याच्या आधी अशा काही वस्तू स्वतः मागवून त्यांवरील उत्पादकाचे नाव, पत्ता, किंमत व चिन्हे तपासावीत, आणि जे आढळेल ते आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावे, अशी माझी विनंती आहे.

लहान ऑनलाइन दुकाने चालवणाऱ्यांपैकी अनेक जण हे दैनिक वाचत असतील. त्यांना माझे सांगणे असे की, मराठीचा तक्ता, कार्डे किंवा पुस्तक छपाईला देण्यापूर्वी त्याची प्रत मला पाठवावी. मी ती विनामूल्य तपासून आठ दिवसांत परत करीन, आणि आमच्या शाळासमूहाच्या केंद्रातील आणखी दोन शिक्षकांनी याच कामाची तयारी दाखवली आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, तो विचारणाऱ्यास जरूर द्यावा. त्या मुलीच्या तक्त्यावर आम्ही दोघींनी मिळून ‘ह’च्या पुढे जाड पेनाने ‘ळ’ लिहिला आहे आणि बाजूला तिने स्वतः केळ्याचे चित्र काढून चिकटवले आहे.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. दिग्रस, जि. यवतमाळ