डब्याच्या तळाचा मसाला

वेस्ट लाफाएट, इंडियाना
17 नोव्हेंबर

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात बाबाच बोलतात, म्हणून हे पत्र. आईला सावकाश वाचून दाखवायला सांग.

फराळ पोचला. चकल्यांचा पार भुगा झाला होता, तो आम्ही दहीभातावर घालून संपवला. चिवडा दोन आठवडे पुरवायचा बेत होता, पण पाचव्या दिवशीच डबा वाजायला लागला. तळाशी काय उरतं ते तुला माहीतच आहे: मीठ, पिठीसाखर, पिवळे झालेले तीळ, कढीपत्त्याचा चुरा, खोबऱ्याचा एखादा काप. घरी असताना तो मी बोटानं चाटायचे आणि तू ओरडायचीस. इथे तो सिंकमध्ये झटकायला हातच होईना. म्हटलं, मसाला आहे तर त्याला काहीतरी अंग देऊ. कपाटात मक्याचे दाणे होते, त्यांच्या लाह्या केल्या.

हे गावच त्या मक्याचं म्हणायचं. पाकिटावर चष्मा आणि बो टाय घातलेला एक म्हातारा असतो, ऑर्व्हिल रेडनबाकर. तो खराखुरा माणूस होता आणि आमच्याच पर्ड्यू विद्यापीठातून 1928 साली शेतकी शिकून बाहेर पडला. पुढे मक्याचं वाण सुधारण्यात त्यानं जन्म घालवला. एवढं असून इथले लोक लाह्यांवर काय घालतात, तर लोणी आणि मीठ. फार झालं तर चीजची पावडर. फोडणी नावाची गोष्ट यांना कुणी शिकवलीच नाही.

पहिला घाणा फसला. लाह्या छान फुलल्या, वरून मसाला भुरभुरला, पातेलं हलवलं आणि सगळा मसाला परत तळाशी. कोरड्या लाहीला काही चिकटत नाही. वरच्या लाह्या फिक्या आणि शेवटच्या मुठीत खारट जाळ. दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला. तेलातच हळद-तिखट टाकलं आणि वर मका. दाणा फुटायला आतून साधारण 180 अंश तापावा लागतो, आणि तोवर तिखटाचा कोळसा होतो हे डोक्यात आलंच नाही. असा ठसका उठला की मी आणि माझी रूममेट दोघी खिडकीत डोकं घालून उभ्या. छतावरचा धुराचा भोंगा कोकलतोय आणि बाहेर शून्याखाली चार. शेवटी स्टुलावर चढून भोंग्याखाली पोळपाट हलवला, तेव्हा तो गप्प झाला.

तिसऱ्यांदा तुझी आठवण काढली आणि चिवड्याच्या रीतीनं गेले: आधी पोहे, मग फोडणी, मीठ-साखर सगळ्यात शेवटी. तसंच इथे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तूप घ्यायचं. लोणी नाही. लोण्यात पाणी असतं, त्यानं लाह्या सादळतात, आणि त्यातला दुधाचा अंश लाही फुटण्याआधीच करपतो. तुपात दोन्ही भानगडी नाहीत. (हे मी लॅबमधल्या एकाला समजावलं. तो म्हणाला, म्हणजे तुम्ही हजारो वर्षांपूर्वीच प्रश्न सोडवला होता. मी म्हटलं, माझ्या आजीनं.) तुपात तीनच दाणे टाकून झाकण ठेवायचं. तिन्ही फुटले की तूप तयार. मग अर्धी वाटी दाणे घालायचे, पातेलं अर्धं मिनिट गॅसवरून उतरवायचं आणि परत ठेवायचं, म्हणजे सगळे दाणे एकदम तापतात. ताडताड सुरू झाली की झाकण बोटभर सरकवायचं. वाफ कोंडली तर लाह्या चामट होतात. दोन फटाक्यांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की बंद.

फोडणी वेगळ्या कढल्यात. दीड चमचा तेल, भरपूर हिंग, कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईपर्यंत, मग गॅस बंद करून हळद आणि तिखट. मोहरी घालत नाही, ती खाली जाऊन बसते. हे वाचून तू कपाळाला हात लावशील, पण करून बघ. कढीपत्ता हातानं चुरायचा, फोडणी पातेल्याच्या कडेनं ओतायची आणि लाह्या खालून वर हलवायच्या. थेट वर ओतली की पडेल तिथली लाही आक्रसते. मीठ, साखर आणि चिमूटभर आमचूर मिक्सरमधून पिठासारखं काढून ठेवलेलं असतं, ते गरम असतानाच भुरभुरायचं. मीठ काही तेलात विरघळत नाही, त्यामुळे जितकं बारीक तितकं चिकटतं, आणि कमी घातलं तरी लागतं. बाबांच्या बीपीला हे बरं, आईला दोनदा वाचायला सांग. आणि शेवटी मेतकूट! ते इतकं मऊ असतं की लाहीच्या प्रत्येक खळग्यात जाऊन बसतं. रूममेट नागपूरची आहे. तिच्या मते साखर घातलेल्या तिखट पदार्थाला पुणेकरांशिवाय कुणी पदार्थ म्हणत नाही. तिच्यासाठी अर्धा घाणा बिनसाखरेचा, लसूण-तिखटाचा होतो, आणि ती माझ्या वाट्यातलंही खाते.

आता खरं सांगायचंय ते. थंडी सुरू झाली तशी घरात हीटर चोवीस तास, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. दाण्यांची बरणी मी झाकण न लावता ओट्यावर ठेवली होती. गेल्या आठवड्यात घाणा काढला तर निम्मे गणंग! खालून पातेलं नुसतं खडखडतंय. दाण्याच्या आत शेकडा तेरा-चौदा भाग पाणी असतं, त्याचीच वाफ कोंडून दाणा फुटतो. पाणी उडालं की संपलं. आमच्या विद्यापीठात 2005 साली मक्याच्या 14 वाणांवर यासाठी अभ्यास झाला होता. त्यात गणंग कुठे शेकडा 4, तर कुठे 47. कारण दाण्याचं टरफल. ज्याचं टरफल वाफ धरून ठेवतं तो दाणा फुटतो, ज्यातून वाफ निसटते तो गणंग राहतो.

हे वाचत होते आणि डोळ्यांपुढे आलीस तू, नागपंचमीच्या आदल्या दिवशीची. परातीत मंडईतून आणलेली ज्वारी, त्यावर गरम पाण्याचा हबका, मग ओल्या फडक्यात गच्च बांधून रात्रभर कोपऱ्यात. सकाळी ती सावलीत पसरून सुकवायचीस आणि तुळशीबागेतल्या त्या काळ्या कढईत मूठ मूठ टाकून फडक्याच्या बोळ्यानं दाबायचीस. मी विचारलं होतं, फोडायची तर आधी भिजवायची कशाला? तू म्हणालीस, तहानलेला दाणा फुलत नाही. मला तेव्हा वाटलं, तू काहीतरी सांगून मला कटवतेस.

मग मीही तेच केलं. तीन वाट्या दाण्यांना एक मोठा चमचा पाणी घातलं, बरणीला घट्ट झाकण लावलं आणि येता-जाता हलवत राहिले. तीन दिवसांनी घाणा काढला. पातेलं भरून वर झाकण उचललं गेलं. तळाशी गणंग मोजले, अकरा.

घरी करणार असाल तर वाण्याकडून पॉपकॉर्नचाच मका मागा. कणसाचा मका वाळवून घेतला तर तो नुसता भाजतो, फुलत नाही. आणि तू मक्याच्या खाऊ नकोस, टरफलं कवळीखाली जातात. आईला म्हणावं, हीच फोडणी तुझ्यासाठी ज्वारीच्या लाह्यांवर घाल, फक्त तेल अर्धं, त्या लगेच बसतात.

मेतकूट संपत आलंय. आईला प्रमाण विचारलं तर ती म्हणते, अंदाजानं. तुझा अंदाज म्हणजे किती वाट्या डाळ, किती तांदूळ आणि सुंठ किती, ते मोजून लिहून पाठव. बाबांना सांगायला लाव, तुझे डोळे नकोत शिणवायला.

तुझी,
मनी